१७९८ चा शिलिंग

जुनें तें मोलाचें, असा नाण्यांविषयीं सर्वसाधारण समज आहे. पण इंग्लंडांत चार जॉर्ज राजांच्या अमदानींत (१७१४ ते १८३०) पाडलेलीं चांदीचीं नाणीं पाहिलीं म्हणजे तो टिकत नाहीं. तिसऱ्या जॉर्जचा १७८७ सालचा शिलिंग संग्राहकांस फारसे सायास न करितां मिळतो. आणि त्याहून अकरा वर्षांनीं लहान असलेला १७९८ चा शिलिंग नुसता दृष्टीस पडणें हेंही भाग्याचें! असें कां व्हावें?

याचें मूळ चांदीच्या भावांत आहे. एका ट्रॉय पौंड चांदीचे ६२ शिलिंग पाडावे, असा नियम होता. पण अठराव्या शतकांत तेवढ्याच चांदीस बाजारांत बहुधा अधिक किंमत येई. मग टांकसाळींत चांदी नेणार कोण? चांगलीं वजनदार नाणीं मुशींत गेलीं; पुष्कळशी चांदी ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून पूर्वेकडे आली. व्यवहारांत उरलीं तीं झिजून गुळगुळीत झालेलीं. नवीं नाणीं इतकीं विरळा कीं, १७६३ सालीं नॉर्थंबरलंडच्या अर्लनें राजप्रतिनिधि म्हणून डब्लिनला गेल्यावर जे नवे शिलिंग वांटले, ते आजही त्याच्याच नांवानें ओळखले जातात.

१७९८ सालीं चांदीचा भाव उतरला. डोरियन-मॅगेन्स प्रभृति पेढीवाल्यांनीं संधि साधून, जुन्या हक्कानें आपली चांदी टांकसाळींत धाडली. शिलिंग तयारही झाले. पण सरकारनें ते बाहेर पडूं न देतां परत आटविले. त्यांतून वांचलेले थोडके, तेच आजचे दुर्मिळ. पुढें १८१६ च्या कायद्यानें त्याच पौंडाचे ६६ शिलिंग ठरले. नाण्याची दर्शनी किंमत आंतील चांदीहून अधिक झाली, आटविण्यांत लाभ उरला नाहीं, आणि तुटवडा संपला.

तेव्हां संग्रह करणारानें सालाबरोबर त्या सालची हकीगतही जाणून घ्यावी, असें आम्हांस वाटतें. जवळ बारीक तराजू असावा: १८१६ पूर्वींचा न झिजलेला शिलिंग सुमारें ६ ग्रॅम भरतो, नंतरचा ५.६५. बनावट नाणें कित्येकदां वजनांतच पकडलें जातें. गृहिणींसही एक विनंती: घरांत कोणास हा छंद असल्यास, देवांचीं उपकरणीं घासतां तशीं हीं नाणीं चिंच-राखेनें घासूं नका. त्यांजवरील काळसर झांक हा मळ नव्हे. ती गेली कीं नाण्याची बरीच किंमत तिजबरोबर जाते.

ज्यांस दुर्मिळ नाण्यांचा खर्च झेपत नाहीं, त्यांनीं १७८७ च्या शिलिंगापासून खुशाल आरंभ करावा. तुटवड्याच्या त्या दिवसांचा तोही साक्षीदारच आहे.