कामाचे तास आणि ओव्हरटाइमचा दर

कामाचे तास कमी करणारा कायदा म्हटला की आठवड्याच्या तासांचा आकडा तेवढा आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण त्याच कायद्यात ओव्हरटाइमच्या मोबदल्याचेही एक कलम असते, आणि पहिल्या आकड्याला बळ येते ते या दुसऱ्या कलमामुळे.

आपल्याकडे तो आकडा फार सावकाश खाली आला. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने फक्त मुलांचे तास आखून दिले. मोठ्या माणसांना त्याने हात लावला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा भरविल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुरुषांच्या तासांना मर्यादा पडली ती १९११ साली, आणि तीही कापडगिरण्यांत दिवसाला १२ तासांची! १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेने जगासाठी आठवड्याला ४८ तास ठरविले. हिंदुस्थानाला मात्र ६० ची सवलत दिली. ही सवलत मालकांना होती, हे सांगायला नकोच. पुढे १९२२ मध्ये ६०, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांना ५४ आणि १९४६ मध्ये ४८. तेथून तो आकडा खाली आलेला नाही.

आता दुसरे कलम. वॉशिंग्टनच्या करारात जादा तासाला किमान सव्वापट दर होता; आपल्या १९४८ च्या कायद्याने तो दुप्पट केला. पुष्कळांना वाटते, हे कामगाराच्या जादा श्रमाचे बक्षीस आहे. वस्तुतः ते मालकाला घातलेले कुंपण आहे. नवा माणूस ठेवायचा तर त्याची रजा, फंड, शिकवणूक हे सारे आले. सव्वापट दरात जुन्याच माणसाला राबविणे पुष्कळदा स्वस्त पडते. दुप्पट दरात सहसा पडत नाही. अमेरिकेने १९३८ साली हाच मार्ग धरला. आठवडा आधी ४४, मग ४२ आणि १९४० मध्ये ४० तासांचा झाला. त्यापुढे काम घेण्यास बंदी नव्हती, फक्त दीडपट दर होता. शिवाय त्याच कायद्यात तासाला २५ सेंट किमान वेतनही बांधून दिले होते. ही जोड फार शहाणपणाची. कारण मूळ पगारात घर भागत नसेल तर कामगार स्वतःच ते कुंपण ओलांडतो आणि मुकादमाकडे जादा पाळी मागतो. मग कायद्यातले तास कमी झाले तरी अंगावरचे कमी होत नाहीत.

दुप्पट, पण कशाच्या दुप्पट? खरी मेख येथे आहे. समजा, तासाला मूळ वेतन ६० रुपये आणि भत्ते ६० रुपये. दुप्पट नुसत्या मूळ वेतनाची केली तर जादा तासाला १२० रुपये पडतात, म्हणजे साध्या तासाइतकेच! १९४८ चा कायदा करणाऱ्यांनी ही पळवाट ओळखली होती. कलम ५९ मध्ये त्यांनी मूळ वेतनाबरोबर भत्तेही धरले, इतकेच काय, सवलतीने मिळणाऱ्या धान्याची किंमतसुद्धा धरली. बोनस तेवढा वगळला.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेत दर दुप्पटच आहे, आणि जादा कामाला कामगाराची संमती हवी अशी चांगली तरतूदही आहे. पण तेथे वेतन म्हणजे मुख्यतः मूळ वेतन आणि महागाईभत्ता. घरभाडे, प्रवासभत्ता यांसारख्या रकमा बाहेर ठेवता येतात. एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून त्या अधिक झाल्या तरच वरचा भाग वेतनात मोडतो. म्हणजे जेथे भत्ते बरोबर निम्मे असतील, तेथे वरच्या उदाहरणातला कामगार जादा तासाला पुन्हा १२० रुपयेच घेऊन घरी जाईल.