नवरी येते शेवटच्या पाच मिनिटांत

गेल्या पावसाळ्यात भाचा चार दिवस राहायला आला होता. एका रात्री त्याला मी 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन' दाखवला. सिनेमा जुना, 1935चा, आणि जेमतेम सव्वा तासाचा. संपल्यावर भाच्याने लॅपटॉप बाजूला सारला. "मामा, नाव नवरीचं, पोस्टरवर नवरी आणि ही बाई येते कधी? मंगलाष्टकं संपत आल्यावर! आली, किंचाळली आणि मांडव कोसळला. शिवाय भीती कुठे वाटली? मला तर दोनदा हसू आलं."

हा सिनेमा पहिल्यांदा पाहणारे बरेच जण असंच म्हणतात. जुन्या भयपटांचे दर्दी मात्र वर्षानुवर्षं उलट बोलत आले आहेत. मूळ सिनेमाहून सरस उत्तरभाग कोणता, अशी चर्चा निघाली की 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागाबरोबर हे नाव येतंच. मी दर्द्यांच्या बाजूचा, पण भाच्याची तक्रार मला खोटी वाटत नाही. त्याला हसू आलं, ते दिग्दर्शकाला हवंच होतं.

दिग्दर्शक जेम्स व्हेल. इंग्लंडातल्या डडली या कारखानदारीच्या गावातला, कामगाराच्या घरचा मुलगा. पहिल्या महायुद्धात तो जर्मनांचा कैदी झाला आणि छावणीत नाटकं बसवायला शिकला. 1931मध्ये युनिव्हर्सल कंपनीसाठी त्याने 'फ्रँकेन्स्टाईन' केला आणि तो तुफान चालला. कंपनीने लगेच दुसऱ्या भागाचा तगादा लावला. व्हेल तयार होईना. त्या गोष्टीत आणखी काढण्यासारखं काही उरलंय, असं त्याला वाटत नव्हतं. मधल्या काळात त्याने 'द इनव्हिजिबल मॅन' वगैरे केले आणि शेवटी होकार दिला, तो भीतीची तीच पुरचुंडी पुन्हा न सोडण्याच्या इराद्यानेच. पहिल्या भागात राक्षस सरळ अंगावर येतो. दुसऱ्यात व्हेल त्याला हसतो, त्याच्यासाठी हळहळतो आणि हे दोन्ही एकाच दृश्यात करतो.

त्याचा मासला म्हणजे डॉक्टर प्रिटोरियस. अर्नेस्ट थेसिजरने रंगवलेला हा काटकुळा, नाक वर करून बोलणारा म्हातारा काचेच्या बरण्यांत वीतभर माणसं पाळतो. राजा, राणी, बिशप, नर्तकी, जलपरी. राजा बरणीतून निसटून राणीच्या मागे धावतो आणि प्रिटोरियस त्याला चिमट्याने उचलून परत ठेवतो. हा राजा थेट आठवा हेन्री दिसतो. वर्षभरापूर्वीच चार्ल्स लॉटनने त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवलं होतं, आणि या सिनेमातली नवरी झालेली एल्सा लँचेस्टर म्हणजे लॉटनची खरी बायको! हाच प्रिटोरियस पुढे तळघरातल्या थडग्यावर कापड अंथरून जेवायला बसतो. आधी तो राक्षस घडवणाऱ्या फ्रँकेन्स्टाईनला जिन देताना हीच आपली एकमेव दुबळी बाजू म्हणतो. नंतर राक्षसाला चिरूट देतानाही तेच वाक्य. भाचा हसला तो इथेच. (मिनी नावाच्या मोलकरणीच्या सततच्या किंकाळ्या मात्र मलाही सोसत नाहीत. तिथे व्हेलचा हात सुटलाय.)

खरा वाद आहे तो राक्षसाच्या बोलण्याचा. पहिल्या भागात तो फक्त गुरगुरतो. इथे एका आंधळ्या संन्याशाच्या झोपडीत तो बोलायला शिकतो. संन्यासी त्याला पाव देतो, दारू देतो, धूम्रपान शिकवतो, व्हायोलिनवर शुबर्ट ऐकवतो. जखमी, हाकललेला तो जीव रडतो, आणि त्याच्या गालावरून ओघळणारा थेंब कॅमेरा लपवत नाही. मेल ब्रूक्सने 1974च्या 'यंग फ्रँकेन्स्टाईन'मध्ये या दृश्याची इतकी झकास टर उडवली, की तो विनोद आधी पाहिलेल्यांना मूळ दृश्यात गंभीर राहणं जड जातं. तरी मी सांगेन, आधी मूळ पाहा.

राक्षसाने बोलू नये असं म्हणणाऱ्यांत सर्वांत आघाडीवर होता खुद्द राक्षस, म्हणजे बोरिस कार्लोफ. मुकेपणातच त्याची सारी करुणा आहे, असं त्याचं मत. बोलण्यापायी त्याचा चेहराही बदलला. पहिल्या वेळी त्याने बसवलेले दात काढून एक गाल खोल केला होता, मग मेकअपमन जॅक पिअर्सने त्यावर सावल्या चढवल्या. आता बोलायचं तर दात हवेत, म्हणून इथला राक्षस जरा भरल्या गालांचा दिसतो. चार वर्षांनी 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाईन' आला, त्यात राक्षस पुन्हा मुका झाला.

पण या वादात कार्लोफचं चुकतं, असं मला वाटतं. मेरी शेलीच्या 1818च्या कादंबरीत तो जीव नुसता बोलत नाही, वाद घालतो, पुस्तकं वाचतो. आंधळा म्हातारा कादंबरीतच आहे. मला जोडीदार हवी, ही मागणीही तिथलीच. फरक एवढाच, की कादंबरीतला फ्रँकेन्स्टाईन अर्ध्यावर घाबरून त्या स्त्रीदेहाच्या चिंध्या करतो आणि व्हेल तिला उभी करतो. उत्तरभाग म्हणून आलेला हा सिनेमा पुस्तकाच्या जास्त जवळचा आहे तो असा. सुरुवातीच्या वादळी रात्रीत बायरन आणि नवरा शेली यांच्यासमोर बसून मेरी स्वतःच पुढची गोष्ट सांगू लागते. ती मेरीही लँचेस्टरच. गोष्ट रचणारी आणि त्या गोष्टीतून जन्मणारी, दोघींचा चेहरा एकच.

कार्लोफचा विषय निघालाच आहे तर एक आपल्याकडचा धागा. त्याचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. वडील ब्रिटिश हिंदुस्थानात मीठ-महसूल खात्यात नोकरीला, आणि आईवडिलांचं लग्न झालं ते सुरतेत. त्याच्या आजीची सख्खी बहीण अ‍ॅना लिओनोवेन्स. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवणारी, 'द किंग अँड आय' जिच्यावर बेतलंय ती. या अ‍ॅनाचा जन्म 1831चा, आपल्या नगरचा! वेल्समध्ये जन्मल्याची तिने आयुष्यभर बतावणी केली. तिच्या आईकडे देशी रक्त होतं असं संशोधक मानतात, आणि ते लपवण्यासाठीच ही बतावणी. हॉलिवूडच्या सर्वांत प्रसिद्ध राक्षसाची मावशीआजी नगरची निघावी, हे मला त्या सिनेमाइतकंच विलक्षण वाटतं.

आता नवरी. वादळात पतंग चढतात, पाळणा छपरापर्यंत वर जातो, जॉन मेस्कॉलचा कॅमेरा तिरका होतो आणि फ्रान्झ वॅक्समनच्या संगीतातला नगारा हृदयासारखा ठोके देऊ लागतो. (वॅक्समन नुकताच बर्लिनमध्ये नाझी गुंडांचा मार खाऊन देश सोडून आला होता.) ती उभी राहते तेव्हा लग्नाच्या घंटा वाजतात. केस तारेच्या सांगाड्यावर उभे चढवलेले, इजिप्तच्या नेफर्तितीसारखे, दोन्ही बाजूंना पांढरी वीज. मान पक्ष्यासारखी झटक्याने वळते. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या चिडलेल्या हंसांवरून आपण तो फूत्कार उचलला, असं लँचेस्टरने सांगितलंय. तिला एकही शब्द नाही. राक्षस हात पुढे करतो, मैत्रीण आहेस ना, असं विचारतो आणि ती किंचाळते. स्थळ बघायला गेलेल्या घरी नकार मिळावा तसा हा नकार नाही. त्याच्यासारखीच मढ्यांतून जुळवलेली एकुलती एक बाई त्याला नाकारते आहे. पुढे तो फ्रँकेन्स्टाईन नवरा-बायकोला जाऊ देतो आणि स्वतः खटका ओढतो.

ती आणखी अर्धा तास असती, तर तिला बोलावं लागलं असतं, एखादा खून करावा लागला असता. मग ती दुसरा राक्षस झाली असती. आत्ता ती फक्त 'नाही' म्हणायला येते. भाच्याला हे पटलं नाही. "पोस्टरवर मग त्या म्हाताऱ्याला छापायचं," म्हणाला.

तरीही त्याने शेवट पुन्हा लावला. प्रयोगशाळा कोसळते त्या जागी थांबवला आणि मला बोलावलं. "मामा, हा फ्रँकेन्स्टाईन तर आत्ताच बायकोला घेऊन बाहेर पळाला ना? मग भिंतीला चिकटून कोण उभाय?" मी चष्मा लावून पाहिलं. तोच होता. आधी चित्रित केलेल्या शेवटात तोही आत मरतो. नंतर त्याला जगवायचं ठरलं आणि पळून जाण्याचा प्रसंग नव्याने घेतला, पण स्फोटाचं महागडं दृश्य तेच ठेवलं. भाच्याने ती चौकट मागेपुढे करून तीनदा पाहिली आणि मग विचारलं, "पहिला भाग आहे का तुझ्याकडे?"