मुलाखतीच्या आधी मोबाईल बोलतो

सर्व सभासद, नाखवा मंडळी आणि घरातल्या पोरापोरींनो,

आजची पोस्ट डिझेल परताव्याची नाही आणि बंदीच्या तारखांचीही नाही. पण विषय प्रत्येक घरातला आहे. आपली बरीच मुलं आता बोटीवर न जाता नोकरी शोधतायत. काही बडोद्याला शिकतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठ जवळ पडतं म्हणून फतेगंजात तिघं-चौघं मिळून खोली घेऊन राहतात. शिक्षण संपत आलं की मकरपुऱ्याची जीआयडीसी, हालोल, कोयलीची रिफायनरी, दहेज असे अर्ज सुरू होतात. काही जण मर्चंट नेव्हीच्या मागे आहेत. मार्क बरे असतात, मुलाखत चांगली होते आणि नंतर फोनच येत नाही. का आला नाही, ते कोणी सांगत नाही.

कारणं बरीच असतात. जागा कमी असतात, ओळखी लागतात. पण एक कारण आपल्या हातातलं आहे. ते म्हणजे इंटरनेटवर आपल्या नावापुढे काय दिसतं.

यात आपल्याला नवीन काही नाही. आपण खलाशी कसा ठेवतो? तांडेलाला विचारतो, मागच्या मोसमात हा कोणाच्या बोटीवर होता, काम कसं करतो, पितो किती, उचल घेऊन मध्येच निघून गेला का? चार बंदरांवर चौकशी होते आणि त्या खलाशाला पत्ताही नसतो. कंपनीही तेच करते, फक्त बंदरावर न येता मोबाईलवर विचारते.

चौकशी कशी होते

लहान कंपनीत माणसं घेणारा साहेब तुमचं नाव, गाव आणि कॉलेज गुगलवर टाकतो. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, लिंक्डइन बघतो. अर्जातला नंबर सेव्ह केला की व्हॉट्सअॅपचा डीपी दिसतो. पाच मिनिटांचं काम आहे.

मोठी कंपनी हे काम पडताळणी करणाऱ्या एजन्सीला देते. मार्कशीट, पत्ता, आधीची नोकरी, कोर्टातली केस आणि काही ठिकाणी सोशल मीडियासुद्धा तपासला जातो. ई-कोर्टच्या सरकारी वेबसाइटवर पक्षकाराच्या नावाने केस शोधता येते, हेही लक्षात ठेवा. ऑफर लेटर हातात आलं म्हणजे काम झालं असं नाही. पडताळणीत खोटं निघालं तर ऑफर मागे घेऊ, ही ओळ बहुतेक पत्रांत खाली असते.

अमेरिकेत करिअरबिल्डर या कंपनीने २०१८ मध्ये नोकरी देणाऱ्यांची पाहणी केली. १०० पैकी ७० जण उमेदवाराचा सोशल मीडिया बघत होते. बघणाऱ्यांपैकी ५७ टक्के लोकांना असं काही सापडलं होतं की त्यांनी माणूस नाकारला. दुसरी बाजूही बघा. ४७ टक्के म्हणाले की उमेदवार नेटवर कुठेच सापडला नाही तर त्याला बोलवायची शक्यता कमी होते. म्हणजे सगळं पुसून टाकणं हाही उपाय नाही.

आपल्या पोरांच्या मोबाईलमध्ये काय असतं

एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ पासून बंदी घातली आहे. तरी दिवे लागतात आणि आपल्या जाळ्यात काही उरत नाही. आपला राग खरा आहे. पण त्या रागात पोरं लाईव्ह जातात, "बोटी जाळून टाकू" म्हणतात, हातात कोयता दिसतो. बडोद्याच्या ऑफिसात बसलेल्या साहेबाला एलईडी माहीत नाही, पर्ससीन माहीत नाही. त्याला फक्त कोयता दिसतो.

दुसरी गोष्ट रील. देवमुशी, कासव, डॉल्फिन डेकवर घेऊन काढलेला व्हिडिओ. देवमुशी २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. असा व्हिडिओ म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध दिलेला पुरावा. तोच मुलगा जाळं कापून कासव समुद्रात सोडताना दिसला, तर तोच व्हिडिओ त्याच्या कामाला येतो.

बाकी नेहमीचंच. बाटल्यांसोबतचे फोटो, जातीधर्मावरून शिवीगाळ, आधीच्या शेठला घातलेल्या शिव्या, अर्जात एक आणि प्रोफाईलवर दुसरीच तारीख.

हेही खरं की बघणारा साहेब प्रत्येक वेळी न्यायाने वागतो असं नाही. कोणी आडनाव बघतो, कोणी धर्म, कोणी मुलीचा ड्रेस. ते चूकच आहे. पण तो तसं बोलून दाखवत नाही, त्यामुळे भांडायचं कोणाशी, हा प्रश्न राहतो.

कोर्टात जाऊन पुसता येतं का

कधी येतं, कधी नाही. गुजरातचंच उदाहरण घ्या. एका माणसावर गुन्हा दाखल झाला होता, तो निर्दोष सुटला. तरी तो निकाल इंटरनेटवर दिसत राहिला. कामधंद्यावर परिणाम होतो म्हणून तो काढा, अशी मागणी घेऊन तो गुजरात हायकोर्टात गेला. जानेवारी २०१७ मध्ये कोर्टाने अर्ज फेटाळला.

पुढे दिल्ली हायकोर्टात भारतीय वंशाचा एक अमेरिकन माणूस गेला. २००९ मध्ये भारतात आला असताना त्याच्यावर अंमली पदार्थांची केस झाली होती. खालच्या कोर्टात सुटला, हायकोर्टातही सुटला. मग अमेरिकेत कायदा शिकला, मार्क चांगले मिळाले, पण नोकरी मिळेना. नाव टाकलं की तोच निकाल वर यायचा. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तो निकाल गुगलच्या शोधात दिसू नये असा अंतरिम आदेश दिला. म्हणजे दोन कोर्टांत निर्दोष सुटल्यावरही त्याला तिसऱ्यांदा कोर्टाची पायरी चढावी लागली.

आणि जे आपणच टाकलं त्याचं काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लिहिलंय की माणसाने स्वतःहून जगासमोर ठेवलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. पब्लिक केलेली पोस्ट सगळ्यांची झाली.

जहाजावर आणि सरकारी नोकरीत जाणाऱ्यांसाठी

जहाज अमेरिकेच्या बंदरात जाणार असेल तर खलाशालाही तिथला व्हिसा लागतो. त्या फॉर्ममध्ये २०१९ पासून मागच्या ५ वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावं भरावी लागतात. खातं लपवलं तर ती खोटी माहिती ठरते.

सरकारी नोकरीत पोलीस पडताळणी असते. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पडताळणीच्या फॉर्ममध्ये केसबद्दल खरीच माहिती द्यावी. तरुणपणी घोषणा दिल्या अशा किरकोळ प्रकरणाकडे नोकरी देणारा दुर्लक्ष करू शकतो. पण गंभीर गोष्ट लपवली तर नोकरी जाऊ शकते. आंदोलनात नाव आलं असेल तर फॉर्ममध्ये लिहा, सोबत कागद जोडा.

काय करायचं

१. स्वतःचं नाव गुगलवर टाकून बघा. गावाच्या आणि कॉलेजच्या नावासोबतही बघा.

२. जुन्या पोस्ट, कमेंट, मित्रांनी टॅग केलेले फोटो तपासा. नको ते काढा. दुसऱ्याने टाकलं असेल तर त्याला सांगून काढायला लावा.

३. घरचं खातं प्रायव्हेट करा. कामाचं एक वेगळं, साधं प्रोफाईल ठेवा. त्यात शिक्षण, इंजिनाचं किंवा जाळ्याचं काम येतं का, जीपीएस चालवता येतं का, हे लिहा. बोटीवर केलेलं काम लपवू नका, तो अनुभवच आहे.

४. तुमच्या नावाचं खोटं खातं कोणी काढलं असेल तर त्या अॅपवर रिपोर्ट करा आणि cybercrime च्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. पोचपावती जपून ठेवा, मुलाखतीत विषय निघाला तर दाखवता येईल.

५. जुन्या गोष्टीबद्दल विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगा.

याचा अर्थ पोरांनी गप्प बसावं असा नाही. एलईडीविरुद्ध बोला, बंदराच्या गाळाबद्दल बोला. पण निवेदन सोसायटीच्या लेटरहेडवर द्या, व्हिडिओत बोटींचे दिवे दाखवा, धमकी नको. लढाई सगळ्यांची आहे, तिची किंमत एकाच पोराच्या नोकरीने का मोजायची?

आता बोट मालकांसाठी

आपणही नोकरी देणारेच आहोत. खलाशी उचल घेऊन गेला की त्याचा फोटो आणि आधार कार्ड ग्रुपवर टाकून "फ्रॉड, कोणी कामाला ठेवू नका" असं आपल्यातले काही जण लिहितात. पैसे बुडाल्याचं दुःख आम्हाला कळतं. पण तो मेसेज दहा बंदरांवर फिरतो. हिशोब नंतर मिटला तरी मेसेज परत येत नाही. कधी खलाशी घरी आजारपण आलं म्हणून गेलेला असतो, कधी हिशोबातच वाद असतो. त्याला पुढची दोन वर्षं काम मिळत नाही आणि त्याच्या घरीही शाळेत जाणारी मुलं असतात.

शिवाय आधार नंबर जाहीर करायला आधार कायद्यात मनाई आहे. खोटी बदनामी केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली केस होऊ शकते. म्हणून उचल देताना दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्या. वाद झाला तर सोसायटीत या किंवा पोलिसात तक्रार द्या. फोटो फिरवू नका.

आपल्या मुलाला बडोद्यातल्या साहेबाने एक व्हिडिओ बघून नाकारू नये असं आपल्याला वाटतं. मग आपणही खलाशाला एक मेसेज बघून नाकारू नये.

ज्यांना प्रोफाईल बनवता येत नाही किंवा पडताळणीचा फॉर्म भरताना अडचण येते, त्यांनी कागद घेऊन ऑफिसात यावं. आपण एकत्र बसून भरू. ही पोस्ट बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांपर्यंत नक्की पोचवा.