पिशवीचा कॅन्सर : ऑपरेशनची घाई नको, शेक अर्धवट नको

पाळी जाऊन चार-पाच वर्षे होतात आणि पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागते. अशा वेळी आपल्या मोरगाव-बारामतीकडच्या मायबहिणी एक तर कुणाला सांगत नाहीत, नाहीतर "पिशवीच काढून टाका एकदाची" म्हणून मोकळ्या होतात. दोन्हींत घात आहे. तो पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असू शकतो. आधी आतून तपासणी, संशय आला तर तुकड्याची तपासणी, मगच ऑपरेशनचा विचार.

आजार वाढलेला निघाला की घरातले म्हणतात, "तिसरी स्टेज, आता काय उपयोग?" मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने २००३ ते २०११ या काळात गाठ ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेल्या, अशा तिसऱ्या स्टेजच्या ८५० स्त्रिया अभ्यासासाठी घेतल्या. निम्म्यांना नुसता शेक, म्हणजे रेडिएशन. निम्म्यांना शेक चालू असतानाच आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन औषधाची सलाईन. शेकाने जखमी झालेल्या कॅन्सरच्या पेशी स्वतःला सावरू पाहतात; हे औषध त्यांना सावरू देत नाही. निकाल २०१८ साली छापून आला. पाच वर्षांनी नुसता शेक घेतलेल्या शंभरांतल्या ४६ जिवंत होत्या, दोन्ही घेतलेल्या ५४. मी कारकून माणूस, आठाचा फरक वहीत किरकोळ दिसतो. पण त्या आठ घरांत आई आहे.

टाटाच्याच दुसऱ्या अभ्यासात, आजार त्याआधीच्या टप्प्यात असलेल्या ६३३ स्त्रिया होत्या. आधी औषध व मग ऑपरेशन केलेल्यांपैकी शंभरी ६९ जणी पाच वर्षे आजार न उलटता राहिल्या. शेक आणि औषध एकत्र घेतलेल्या ७७. जिवंत राहण्याचे प्रमाण मात्र जवळपास सारखेच होते.

औषधाने ओकारी होते, अशक्तपणा येतो. किडनी नीट आहे ना, हे रक्त तपासून बघतात, म्हणून रक्ततपासणी चुकवू नये. बाहेरून शेक साधारण पाच आठवडे. नंतर आतून देतात. तो लाजेने टाळू नका, त्यावाचून उपचार अपुरा. सगळे आठ आठवड्यांत उरकायला हवे. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी मुकादमाला आधीच सांगावे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेटा. मुंबईत राहण्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड बरोबर न्या. सोबतीला नवरा गेला तर उत्तम.