एकट्याने पाळलेले ऋतुसण

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी लंडनमध्ये सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. त्या संध्याकाळी ब्रिटन-अमेरिकेतल्या कितीतरी घरांत एखादी व्यक्ती टेबल स्वच्छ पुसून त्यावर मेणबत्त्या, सफरचंदे, मीठ, पाण्याचा वाडगा आणि गेलेल्या माणसांचे फोटो मांडते. मग मनोमन स्वतःभोवती एक वर्तुळ आखते, चारही दिशांना आवाहन करते, देवीला आणि देवाला बोलावते, मृतांच्या नावाने एक ताट वाढते आणि न बोलता जेवते. सोबत दुसरे कोणी नसते, पुरोहित नसतो, देऊळही नसते. हा साउइन, विक्का या धर्माच्या आठ ऋतुसणांपैकी एक. यावर दोन आक्षेप हटकून घेतले जातात. एक, हा धर्म मुळात कालपरवाचा, त्यामुळे त्याचे सण बनावट. दुसरा, सण म्हणजे चारचौघांत साजरी करायची गोष्ट. बंद खोलीत एकट्याने केले तर त्याला फार तर छंद म्हणता येईल. दोन्ही आक्षेपांत तथ्याचा मोठा अंश आहे, म्हणूनच त्यांची नीट तपासणी व्हायला हवी. ती केल्यावर माझे मत असे झाले आहे की या सणांना बळ जुनेपणातून मिळत नाही आणि गर्दीतूनही मिळत नाही. आपण राहतो त्या जागेचा ऋतू माणूस किती खरेपणाने पाहतो, यावर ते उभे असतात. आणि या कसोटीला एकट्या साधकाला सर्वांत थेट सामोरे जावे लागते.

विक्का लोकांसमोर आला तो १९५० च्या दशकात. जेरल्ड गार्डनर (१८८४-१९६४) हे मलायात जकात खात्यात नोकरी करून मायदेशी परतलेले इंग्रज गृहस्थ. १७३५ चा जादूटोण्याविषयीचा कायदा ब्रिटिश संसदेने १९५१ मध्ये रद्द केला आणि तीन वर्षांनी गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ प्रसिद्ध झाले. युरोपातला ख्रिस्तपूर्व निसर्गधर्म काही छोट्या गटांनी गुप्तपणे जिवंत ठेवला असून अशाच एका गटाने आपल्याला दीक्षा दिली, असा त्यांचा दावा होता. त्याला आधार मार्गारेट मरे यांच्या सिद्धान्ताचा. कोलकात्यात जन्मलेल्या या इजिप्तविद्येच्या अभ्यासिकेने १९२१ मध्ये असे मांडले होते की युरोपात ज्यांना चेटूक केल्याबद्दल मारले गेले, ते प्रत्यक्षात एका जुन्या धर्माचे अनुयायी होते. पुढच्या इतिहासकारांनी हा सिद्धान्त पार मोडीत काढला. रोनाल्ड हटन यांनी १९९९ च्या ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ या ग्रंथात विक्काची खरी घडण उलगडून दाखवली: रोमँटिक कवींची निसर्गभक्ती, फ्रीमेसन मंडळींचे दीक्षाविधी, गूढविद्येच्या संस्था, लोकपरंपरांवरचे एकोणिसाव्या शतकातले लेखन. म्हणजे हा धर्म आधुनिक आहे, यात शंका उरलेली नाही.

जादूटोण्याशी नाव जोडलेला हा धर्म अघोरी तर नाही ना, अशी एक वेगळीच शंका महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे येईल आणि ती रास्त आहे. आपल्याकडे नंदुरबारसारख्या भागात बाईला डाकीण ठरवून तिचे हाल केल्याच्या घटना घडल्या आहेत आणि २०१३ मध्ये राज्याला जादूटोण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या क्रौर्याशी विक्काचा संबंध जोडू नये. तिथे जमाव एका असहाय बाईवर आरोप लादतो. इथे सज्ञान माणूस आपखुशीने एक उपासनामार्ग स्वीकारतो. त्यात सैतानाला स्थान नाही आणि कोणाला इजा न करणे हा त्याचा सर्वमान्य नीतिनियम आहे.

आता सणांकडे वळू. आठांपैकी चार सण आयर्लंडच्या मध्ययुगीन साहित्यात सापडतात: नोव्हेंबरच्या उंबरठ्यावरचा साउइन, फेब्रुवारीच्या आरंभीचा इम्बोल्क, मे महिन्याच्या पहिल्या दिवशीचा बेल्टेन आणि ऑगस्टच्या आरंभीचा लूनासा. हे पशुपालकांचे आणि शेतकऱ्यांचे दिवस. इम्बोल्कच्या सुमारास मेंढ्या दुधावर येत. बेल्टेनला गुरे उन्हाळी कुरणांत नेण्याआधी दोन जाळांमधून हाकत, त्याने रोगराई टळते अशी समजूत होती. लूनासाच्या सुमारास इंग्लंडमध्ये नव्या गव्हाची पहिली भाकरी चर्चमध्ये नेत. साउइनला जनावरे कुरणांवरून घरी परतत आणि हिवाळ्यात जगवता येणार नाहीत ती कापली जात. उरलेले चार सण सूर्याचे, म्हणजे दोन अयनदिन आणि दोन विषुवदिन. हिवाळ्याच्या मध्याचा यूल जुना आणि नावाजलेला. पण वसंतविषुवाच्या ओस्टाराचे मूळ आठव्या शतकातल्या बीड या ख्रिस्ती साधूच्या एका त्रोटक उल्लेखात आहे आणि त्यावर याकोब ग्रिम यांनी १८३५ मध्ये तर्काचा इमला चढवला. शरदातल्या विषुवदिनाला मेबॉन हे नाव तर १९७० च्या दशकात एडन केली या अमेरिकी लेखकाने दिले. हे आठही सण ओळीने पाळणारा कोणताही प्राचीन समाज ज्ञात नाही. गार्डनर यांच्या गटातसुद्धा आधी चारच सण मोठे होते आणि अयन-विषुवांचे विधी जवळच्या पौर्णिमेला उरकले जात. १९५८ मध्ये गार्डनर यांच्याच ब्रिकेट वुड इथल्या गटातल्या मंडळींनी ते विधीही खऱ्या दिवशी आणि तेवढ्याच इतमामाने व्हावेत असे सुचवले, गार्डनर यांनी ते मानले आणि आज ठाऊक असलेले वर्षचक्र पुरे झाले.

ही १९५८ ची गोष्ट मला फार मोलाची वाटते. पहिल्या आक्षेपाचे उत्तर तिच्यात आहे. परंपरेचे जतन हेच या धर्माचे सर्वस्व असते तर शिष्यांच्या सूचनेवरून दिनदर्शिका बदलताच आली नसती. ती बदलली, कारण वर्षातला सर्वांत लहान दिवस पौर्णिमेच्या सोयीने सरकत नाही, हे त्या मंडळींना पटले होते. लंडनमध्ये तो दिवस आठ तासांचाही नसतो आणि जूनमधला सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक लांबतो. मुंबईत हाच फरक साधारण अकरा आणि सव्वातेरा तासांचा. म्हणून आपल्याला अयनदिनाची ओढ एवढी जाणवत नाही; उत्तरेत मात्र ती अंगावर येते. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजची पाषाणरचना सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी अशी बांधली गेली की हिवाळी अयनाच्या उगवत्या सूर्याचा किरण थेट आतल्या कक्षात शिरावा. ती बांधणाऱ्यांचा धर्म कोणता, हे विक्कन मंडळींना कळू शकत नाही आणि आपण त्यांचे वारस आहोत असे त्यांनी म्हणूही नये. पण त्या बांधणाऱ्यांनी ज्याच्याकडे पाहिले ते आकाश आजही तेच आहे. सणाचे नाव पन्नास वर्षांचे असो, दिवस लहान होणे आणि पुन्हा वाढू लागणे कोणी शोधून काढलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. गार्डनर यांच्या रचनेत एकट्याला जागाच नव्हती. गट, तीन पायऱ्यांची दीक्षा, गुरूच्या हातून उतरवून घ्यायची विधींची वही, असा सगळा घाट होता. तो सैल केला तो गार्डनर यांच्या एकेकाळच्या प्रमुख सहकारी डोरीन व्हॅलिएन्टी यांनी. त्यांच्या १९७८ च्या पुस्तकात स्वतःच स्वतःला दीक्षा देण्याचा विधी आहे. दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, स्कॉट कनिंगहॅम यांचे एकट्या साधकांसाठीचे मार्गदर्शक पुस्तक आले आणि प्रचंड खपले. हेलन बर्गर या समाजशास्त्रज्ञ बाईंच्या सर्वेक्षणांनुसार, अमेरिकेतल्या पेगन, म्हणजे विक्का आणि त्यासारखे निसर्गधर्म मानणाऱ्या, मंडळींमध्ये एकट्याने साधना करणारे आधी निम्म्याच्या आसपास होते, पुढच्या पाहणीत ते तीन चतुर्थांशांवर गेले. याची कारणे साधी आहेत. गावात दुसरे कोणी नसते, घरच्यांना सांगता येत नाही, नोकरीची भीती असते आणि कित्येकांना गटातले मानापमान नको असतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे चौऱ्याहत्तर हजार लोकांनी पेगन आणि तेरा हजारांनी विक्का असा धर्म नोंदवला. इतक्या विरळ वस्तीत रोजच्या वाटेवर सहधर्मी भेटणे कठीणच.

एमिल दुर्खेम यांनी १९१२ मध्ये धर्माचे मर्मच सामूहिक उत्कटतेत पाहिले होते: माणसे एकत्र येतात, भारावतात आणि त्या भारावलेपणाला पवित्र मानतात. हे मान्य केले तर एकट्याचा सण पोकळ ठरतो. मात्र आपल्याच घरांत पाहिले तर हा सिद्धान्त अपुरा वाटतो. एखादी बाई सोळा सोमवारांचे व्रत घेते तेव्हा पूजा, उपास, कहाणी सगळे ती एकटीच निभावते आणि त्याला कोणी खोटे म्हणत नाही. यावर कोणी म्हणेल की तिच्यामागे अख्खा समाज उभा असतो, तिची कहाणी शेजारणीला पाठ असते, विक्कन साधकामागे काय आहे? मुद्दा बिनतोड आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एकट्याला बेल्टेनच्या खांबाभोवतीचा नाच करता येत नाही; त्या नाचात रंगीत फिती एकमेकींत गुंफायला माणसे लागतात. दुःखाच्या वर्षी साउइनला मृतांचे ताट वाढताना शेजारी कोणी रडणारे हवे असते. चुकलेले दाखवायला कोणी नसेल तर माणूस स्वतःच्या लहरींनाच देवीची आज्ञा समजू लागतो. सण मुलांपर्यंत पोचवायलाही घर आणि गोतावळा लागतो. हे तोटे खरे आहेत आणि एकट्या साधनेचे गोडवे गाणाऱ्या पुस्तकांनी ते लपवू नयेत.

दीक्षेची परंपरा नसताना एकट्याने विधी करणे म्हणजे हवे ते उचलणे, असेही काही जुने गट म्हणतात. यूलचे सामान, ओस्टाराची अंडी, रंगीत मेणबत्त्या आणि स्फटिक विकणाऱ्या दुकानांकडे पाहिले की त्यांची चीड समजते. मात्र निवडीवर बंधन आणायला दीक्षाच लागते असे नाही. बंधन ऋतूही घालतो, आणि ते कनिंगहॅम यांच्याच उदाहरणावरून दिसते. ते राहत कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, डोंगर डिसेंबरनंतर हिरवे होतात आणि कडक उन्हाळ्यात गवत वाळून जाते. बर्फाखाली निजलेली जमीन आणि तिला जाग आणणारा फेब्रुवारी ही कल्पना त्या शहराच्या बाहेरून आलेली. अशा ठिकाणच्या साधकाने इंग्लंडचे पुस्तक जसेच्या तसे गिरवले तर तो खिडकीबाहेरच्या हिरव्या डोंगरासमोर मरणाचे सोंग करतो. गटाच्या उत्साहात ही विसंगती सहज झाकली जाते. एकट्याला झाकून घेणारे कोणी नसते.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या विक्कन मंडळींनी ही अडचण धीटपणे सोडवली. त्यांच्यापैकी बहुतेकांनी चक्र सहा महिन्यांनी उलटवले: यूल जूनमध्ये, साउइन एप्रिलच्या अखेरीस, तर बेल्टेन ऑक्टोबरच्या अखेरीस. मेलबर्नमधले मराठी कुटुंब मात्र होळी शरदात आणि दिवाळी वसंतात साजरी करते, कारण त्याला पंचांगाने नाशिक-नागपूरच्या घरांशी एकाच तिथीला बांधलेले असते. ती निष्ठा समाजाशी आहे आणि ती मला पूर्ण मान्य आहे. विक्कन निष्ठा जागेशी आहे. तिथल्या काही साधकांना तर उलटवलेले चक्रही पुरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत पावसाळा आणि कोरडा काळ हेच खरे ऋतू असताना आठ युरोपीय कप्पे कशाला, असे ते विचारतात. मला हा प्रश्न धर्मभंग वाटत नाही. १९५८ मध्ये ब्रिकेट वुडमध्ये विचारलेल्या प्रश्नाचाच तो पुढचा भाग आहे.

आता हा प्रश्न खुद्द इंग्लंडलाही पडू लागला आहे. बेल्टेनचे फूल म्हणजे हॉथॉर्न. ते उमलले की मे आला असे तिथे मानत. १७५२ मध्ये ब्रिटनने नवी दिनदर्शिका स्वीकारताना अकरा दिवस गाळले आणि १ मे फुलाच्या पुढे निघून गेला. आता हवामान उलट दिशेने सरकत आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ४०६ वनस्पतींच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा १९८७ ते २०१९ या काळात पहिली फुले त्याआधीच्या नोंदींपेक्षा सरासरी २६ दिवस लवकर आल्याचे आढळले. वर्षातला सर्वांत लहान दिवस हलणार नाही. तो आकाशाचा आहे. बेल्टेन जमिनीचा सण आहे, म्हणून १ मे सोडून हॉथॉर्न फुलेल त्या दिवशीच बेल्टेन करावा असे काही विक्कन साधक मानतात. सुट्टी काढून दुरून जमणाऱ्या गटाला तारीख आधी ठरवावीच लागते, त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. पण एकट्याला तशी अडचण नाही. झाड एप्रिलच्या मध्याला फुलले तर त्याने त्याच संध्याकाळी दिवा लावावा आणि आपल्या वहीत तारीख लिहून ठेवावी, कारण पुढच्या वर्षी ती वेगळी असण्याचा संभव आहे.