बर्फातून निघालेली अंडी

माशाचे अंडे किती दिवसांत फुटते? या प्रश्नाला "पाणी किती अंशांचे?" असा उलट प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. कोंबडीच्या अंड्याचे तसे नाही. कोंबडी अंगाची ऊब देते आणि साधारण एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर येते. माशाचे अंडे उबवणारे कोणी नसते. जे पाण्याचे तापमान, तेच आतल्या भ्रूणाचे.

या गोष्टीचा उपयोग करून घेतल्याचे एक जुने उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात टास्मानियात स्थायिक झालेल्या इंग्रजांना मायदेशातील सामन आणि ट्राउट हे मासे तिथल्या नद्यांत हवे होते. शिडाच्या जहाजाचा प्रवास तीन महिन्यांचा, तोही विषुववृत्त ओलांडून. म्हणून माशांऐवजी अंडी न्यायचे ठरले. पहिले प्रयत्न फसले. १८६० च्या सफरीत तर बर्फ वाटेतच संपला. जानेवारी १८६४ मध्ये 'नॉरफोक' हे जहाज निघाले, तेव्हा जेम्स यूल यांनी अंडी ओल्या मॉसमध्ये (पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींवर मऊ हिरवा थर दिसतो, त्याच जातकुळीची वनस्पती) लपेटून लाकडी पेट्यांत भरली आणि पेट्या बर्फाच्या कोठारात रचल्या. जहाज एप्रिलच्या मध्यास मेलबर्नला पोचले. तेथून अंडी टास्मानियातील प्लेंटी नदीकाठी नेली आणि ४ मे रोजी ट्राउटचे पहिले पिल्लू बाहेर आले.

बर्फाने नेमके काय साधले, ते आकड्यांवरून कळते. ब्राउन ट्राउटचे अंडे १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे ४१ दिवसांत फुटते, ७.२ अंशांना ६४ दिवस, ४.४ अंशांना १०० दिवस आणि १.७ अंशांना तब्बल १५६ दिवस लागतात. म्हणजे पाणी १० अंशांचे असते, तर पिल्ले भर समुद्रातच बाहेर आली असती!

असे का होते? पेशींचे विभाजन, अवयवांची घडण, अंड्यातील पीतकाचे पचन ही सारी कामे विकरांच्या मदतीने चालणाऱ्या रासायनिक क्रियांवर अवलंबून असतात. तापमान १० अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. पाणी थंड झाले की भ्रूणाचे घड्याळच मंद चालू लागते.

मत्स्यबीज केंद्रांत यासाठी 'अंश-दिवस' हे माप वापरतात. तापमान गुणिले दिवस. वरच्या आकड्यांवर हा गुणाकार विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा. १० अंशांना ४१०, ७.२ ला सुमारे ४६१, ४.४ ला ४४०. उत्तरे बरीच जवळची आहेत. पण १.७ अंशांना येतात फक्त २६५! गणित चुकलेले नाही. शून्य अंश हा पाणी गोठण्याचा बिंदू आहे, भ्रूणाची वाढ थांबण्याचा नव्हे. शून्याजवळही ती थोडीफार चालूच राहते. आलेख काढला तर सरळ रेषेऐवजी वक्ररेषा मिळेल. आमच्या मते हा धडा पाठ्यपुस्तकातील कितीतरी तयार आलेखांपेक्षा अधिक शिकवून जातो.

मग पाणी जितके ऊबदार तितके चांगले, असे समजायचे का? रोहू, कटला, मृगळ यांची अंडी २८ अंशांच्या आसपासच्या पाण्यात १४ ते २० तासांतच फुटतात आणि जिरे बाहेर पडतात. हे मासे मूळचेच उष्ण प्रदेशातले. प्रत्येक जातीची आपापली मर्यादा असते आणि भ्रूणाची मर्यादा मोठ्या माशापेक्षा फार अरुंद असते. ब्राउन ट्राउटची अंडी सुमारे १३ अंशांच्या वर टिकत नाहीत. मोठा मासा मात्र २० अंशांच्या पाण्यातही तग धरतो.

मुख्य अडचण श्वसनाची. एक लिटर गोड्या पाण्यात १० अंशांना ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना फक्त ७.५. म्हणजे भ्रूणाची गरज वाढते त्याच वेळी पुरवठा आटतो. मोठा मासा कल्ल्यांची हालचाल वाढवील, खोल पाण्यात जाईल. भ्रूणाला काम करणारे कल्ले नसतात आणि जागाही सोडता येत नाही. कवचातून झिरपेल तेवढ्याच ऑक्सिजनवर त्याला भागवावे लागते. त्यातून वाचलेली पिल्लेही अनेकदा आकाराने लहान असतात. पीतकाची शिदोरी लवकर संपते, आणि त्या सुमारास पाण्यात सूक्ष्मजीवांचे खाद्य तयार नसेल तर उपासमार होते.

२०२० मध्ये जर्मनीतील आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या संशोधकांनी माशांच्या ६९४ जातींची माहिती एकत्र केली. प्रजननकाळाबाहेरच्या प्रौढ माशांना सरासरी सुमारे २७ अंशांचा पल्ला सोसतो. भ्रूणांना आणि अंडी घालणाऱ्या माशांना अवघा ७ अंशांचा. शतकाच्या अखेरीस पाणी ५ अंशांनी तापले, तर सुमारे ६० टक्के जातींना नेहमीच्या जागी, नेहमीच्या ऋतूत प्रजनन करणे अवघड होईल, असा त्यांचा अंदाज आहे. वाढ १.५ अंशांवर रोखली तर हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास राहील. मोठे मासे पोहताना दिसतात, म्हणून तळे ठीक आहे, असे मानणे त्यामुळेच धोक्याचे ठरते.

सायप्रिनस हा मासा काठच्या उथळ पाण्यातील वनस्पतींना आपली चिकट अंडी चिकटवतो. शाळेजवळ तळे असेल तर सकाळी सात आणि दुपारी दोन वाजता, काठाला वीतभर पाण्यात आणि काठीला थर्मामीटर बांधून जरा खोलवर, आठवडाभर तापमान नोंदवता येईल. सावलीतील आणि उन्हातील काठ वेगळे मोजावेत. थर्मामीटर बाहेर काढताच आकडा बदलू लागतो, तेव्हा वाचन झटपट करावे लागेल.