एक टेकडी, एक आगगाडी आणि उकव्याचा घाट

उकव्याच्या मँगनीज खाणीच्या दफ्तरात हजेरीपट आणि मालाची चलने सांभाळण्यात ज्याची सारी हयात गेली, त्याने कोट्यवधींच्या विलायती मोटारींविषयी मत द्यावे हे वरकरणी अप्रस्तुत वाटेल, परंतु नागपुरास यंत्रसामग्रीचा व्यवसाय करून लक्ष्मीची कृपा संपादन केलेल्या माझ्या भाच्याने एके दिवशी दोन माहितीपत्रके माझ्या पुढ्यात ठेवली आणि, "मामा, बेंटले की ॲस्टन मार्टिन, एवढंच सांगा, पैशाचं मी बघतो," असे म्हटले, तेव्हा ज्या व्यवहारात आपली कवडीही जाण्यासारखी नाही त्यावर मनसोक्त विचार करण्याचे जे एक विशेष सुख असते, ते मला नाकारवले नाही. शिवाय तो महिन्यातून एकदा आपल्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, घेऊन भंडारा, तुमसर, वारासिवनी, बालाघाट अशी मजल दरमजल करीत येथे येतो. मोटार अखेर धावणार ती याच वाटेने, तेव्हा या खटल्यात साक्षीदाराचा तरी अधिकार मला होताच.

या जातीच्या मोटारीस ग्रँड टुरर म्हणतात. शर्यतीच्या मोटारीचा वेग आणि सरदारी वाहनाचे सुख एकाच कायेत नांदविण्याचा हा प्रयत्न असून, दोन माणसांनी सामानसुमानासह सकाळी एका प्रांतातून निघावे आणि शेकडो मैल कापून दिवेलागणीला दुसऱ्या प्रांतात उतरताना अंगरख्याची इस्त्रीही मोडलेली नसावी, ही तिच्याकडून अपेक्षा. १९५२ साली निघालेली बेंटलेची आर-टाइप कॉन्टिनेंटल ही या कल्पनेची मूर्ती मानली जाते. मागे उतरत गेलेल्या पाठीची, चौघांना घेऊन ताशी १०० मैलांच्या वर सहज धावणारी ती गाडी नमुन्याची धरून अवघी २०८ बांधली गेली. आपल्याकडे या हौसेचा कळस इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी गाठला. लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतलेल्या साजाचा डौल असलेली अमेरिकन ड्यूसेनबर्गही त्यांच्या मोटारखान्यात होती आणि बेंटलेही होत्या. हे की ते, असा पेच त्यांना पडण्याचे कारण नव्हते. पेच पडतो तो एकच घेणाऱ्याला.

माहितीपत्रकातील आकड्यांपेक्षा या दोन घराण्यांच्या कुळकथेनेच मला अधिक काळ गुंतवून ठेवले. बेंटलेचा जनक वॉल्टर ओवेन बेंटले हा मूळचा आगगाडीचा माणूस. डॉन्कास्टर येथे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात १९०५ पासून त्याने उमेदवारी केली, आणि त्याच्या मोटारींत इंजिनाचा तो रेटा, ते वजन, ती दमदार चाल कायमची उतरली. १९२४ साली आणि पुढे १९२७ ते १९३० अशी लागोपाठ चार वर्षे ल मांची चोवीस तासांची शर्यत त्या गाड्यांनी जिंकली, तरी इटोरे बुगाटीने त्यांना ट्रक म्हणून हिणविल्याची कथा प्रसिद्ध आहे. (उकव्यात राहणाऱ्या माणसाला यात हिणविण्यासारखे काय आहे ते समजत नाही.) उलट ॲस्टन मार्टिनचा जन्म १९१३ सालचा, आणि तिच्या नावातला पहिला शब्द बकिंगहॅमशायरमधील ॲस्टन हिल या टेकडीचा, त्या चढावरील शर्यतीत लायोनेल मार्टिनने यश मिळविले म्हणून टेकडीचे नाव मोटारीस चिकटले. म्हणजे एकीचे गोत्र आगगाडीचे, तर दुसरीचे घाटाचे.

परंतु गोत्राचा हा हिशेब इतका सरळही नाही. बेंटलेची कंपनी डबघाईस येऊन १९३१ मध्ये रोल्स-रॉइसच्या घशात गेली, तेव्हा बेंटलेसाहेबाला आपल्याच नावाच्या कारखान्यात परक्यासारखे वावरावे लागले. १९३५ मध्ये तो लॅगोंडाकडे रुजू झाला आणि तेथे त्याच्या देखरेखीखाली सहा सिलिंडरांचे एक नवे इंजिन आकारास आले. १९४७ मध्ये डेव्हिड ब्राउन नामक उद्योगपतीने ॲस्टन मार्टिन आणि लॅगोंडा या दोन्ही कंपन्या खरेदी केल्या, आणि १९५० च्या ॲस्टन मार्टिन डीबी-२ च्या नाकाखाली बसले ते हेच इंजिन. ज्या ॲस्टनला आपण बेंटलेची सवत समजतो, तिच्या तारुण्यात धडधडत होते ते बेंटलेच्याच हातचे काळीज! हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो घटकाभर गप्प झाला आणि मग म्हणाला, "म्हणजे घोळ आणखी वाढला." आज तर दोघींचीही काळजे जर्मन आहेत. बेंटले १९९८ पासून फोक्सवॅगनच्या दावणीला आहे आणि ॲस्टनच्या डीबी-१२ मध्ये मर्सिडीज-एएमजीकडून आलेले ४ लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन आहे.

मुंबईस जाऊन आम्ही तिघांनी दोन्ही मोटारी डोळ्यांखाली घातल्या. २०२४ ची कॉन्टिनेंटल जीटी स्पीड पेट्रोलच्या इंजिनाला विजेच्या मोटरची जोड देते. एकूण शक्ती ७८२ पीएस, चारही चाकांना ओढ, खाली हवेच्या स्प्रिंगा, आणि वजन २,४५९ किलो. डीबी-१२ ची शक्ती ६८०, ओढ केवळ मागच्या चाकांना, आणि तेलपाणी वगळता वजन १,६८५ किलो. दोघींची अंगे मुख्यत्वे ॲल्युमिनियमची असल्याने आमच्या मँगनीजला तेथे फारसा वाव नाही. मात्र बेंटलेच्या विद्युत मोटरीत तांब्याची तार आहे हे ऐकून, बैहरपलीकडच्या मलाजखंडची तांब्याची खाण आठवली आणि आमच्या बालाघाट जिल्ह्याची अब्रू राखली गेल्यासारखे उगाच वाटले.

बेंटलेच्या दर्शनी फळीत एक गंमत आहे. कळ दाबली की मधला पडदा हळूच उलटा फिरतो आणि त्याजागी तीन गोल घड्याळी तबकड्या येतात, एक बाहेरचे तापमान दाखवणारी, एक होकायंत्राची, एक काळ मोजणारी. पुन्हा दाबली की नुसते गुळगुळीत लाकूड. मी ती कळ पाच वेळा दाबली. ॲस्टनमध्ये असले काही नाही. तेथे माणूस जमिनीलगत बसतो, लांबलचक बॉनेट डोळ्यांसमोर पसरते, आणि इंजिन सुरू होताच पाठीच्या कण्यातून जी एक लहर जाते ती वयाला शोभण्यासारखी नाही. माझे मन, खरे सांगायचे तर, तेथेच राहिले. ताईने मात्र दोन्हींच्या मागच्या आसनावर बसून पाहण्याचा हट्ट धरला, ॲस्टनमध्ये तिचे गुडघे शिरलेच नाहीत, बेंटलेमध्ये शिरले पण निघेनात, आणि बाहेर आल्यावर पदर सावरीत ती एवढेच म्हणाली, "आपली बोलेरो बरी."

जकातीचे प्रकरण निराळेच. संपूर्ण बांधून आणलेल्या अशा मोटारीवर मूळ किमतीहून अधिक आयातकर पडतो आणि वर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. परंतु २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापारकराराने हा आयातकर ठरावीक संख्येपुरता टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणण्याचे कलम घातले आहे. माझ्यातल्या खाणीच्या हिशेबनीसाने यावर "खरेदी तहकूब" असा शेरा मारला. भाच्याने तो वाचलाच नाही.

त्याच्या मनात वेगच होता, माझ्या मनात चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी. बालाघाटहून निघून गांगुलपाऱ्याचे तळे मागे टाकले की घाट लागतो. वळणामागून वळण, समोरून मँगनीजने भरलेले ट्रक, आणि वस्ती आली की लोकांनी आपल्या मर्जीने घातलेले ब्रेकर. काही वर्षांमागे माझ्या एका स्नेह्याची बसकी मोटार अशाच एका ब्रेकरवर घासून चेंबर फुटले होते. रस्त्यावरच्या काळपट धुळीत तेलाची धार पसरत गेली आणि एका पोरसवदा मिस्त्रीने भेगेवर साबणाची वडी घासून आम्हांला कसेबसे गावापर्यंत आणले. ही हकीकत भाच्याला ठाऊक होती. म्हणून परवा तो आला तेव्हा बोलेरोतून उतरून, मुंबईच्या विक्रेत्याने कागदावर लिहून दिलेले जमिनीपासूनच्या उंचीचे दोन आकडे दातांत धरून, टेप घेऊन त्या ब्रेकरपाशी चक्क आडवा झाला. मी टेपचे दुसरे टोक धरले. मागे एक ट्रक येऊन थांबला, त्याच्यामागे दुसरा, पहिल्याच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोके काढून विचारले, "क्या गिर गया, भैया?"

"कुछ नहीं," भाचा आडवाच राहून म्हणाला, "मामा, तुमची बाजू जरा खाली घ्या."